थायरॉइडचे दुखणे आणि न प्यायलेली दारू

तुम्ही विचारले आहे की, थायरॉइड मंदावले की रक्तात वाढणारा टीएसएच १८ आला, थायरॉइडची गोळी सुरू होऊन तीन आठवडे झाले, तरीही मांड्या आणि खांदे दुखतातच. तेव्हा हे दुखणे खरोखर थायरॉइडचे आहे, की घरचे म्हणतात त्याप्रमाणे तुम्हीच त्याचा बाऊ करत आहात. पहिल्या भागाचे उत्तर ‘बहुधा थायरॉइडचेच’ असे आहे आणि तीन आठवडे हा काळ फारच अपुरा आहे. दुसऱ्या भागाविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण मंदावलेल्या थायरॉइडच्या माणसाला घरात काय काय ऐकावे लागते, ते मी पुरेपूर ऐकलेले आहे. माझ्या थोरल्या भावाने मला दीड वर्ष दारुडा ठरवले होते. मी दारूला कधी स्पर्शही केलेला नाही.

सुरुवात पायांपासून झाली. जिना चढताना कठडा धरावा लागू लागला, खाली बसलो की उठताना हात टेकावा लागे, आणि वरच्या फळीवरची वस्तू काढायला हात उंचावला की दंड भरून येत. रात्री पोटऱ्यांत गोळे येत. थोडेसे श्रम झाले तरी त्याचे दुखणे दोन-दोन दिवस उतरत नसे, आणि हे कुणाला सांगितले की ‘वय झाले’ एवढेच उत्तर मिळे. त्याच सुमारास माझा आवाज घोगरा झाला, जीभ जड पडल्यासारखे शब्द सावकाश येऊ लागले, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसू लागली आणि चालताना क्वचित तोल जाऊ लागला. फोनवर माझा आवाज ऐकला की भाऊ क्षणभर गप्प बसत असे. त्या गप्प बसण्याचा अर्थ मला पुढे कळला.

अखेर रक्त तपासले. कोलेस्टेरॉल २९० निघाले. यकृतासाठी तपासतात त्या दोन विकरांपैकी (एन्झाइम) एसजीओटी मर्यादेच्या तिपटीवर गेलेले आणि एसजीपीटी त्या मानाने थोडेच वाढलेले. डॉक्टरांनी “घेता का?” असे विचारले. मी नाही म्हटले, आणि त्यांनी हे उत्तर रोज ऐकणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याने कागदावर लिहून घेतले. तो रिपोर्ट भावाच्या हाती पडला तेव्हा त्याच्या मनातल्या सगळ्या शंका एका जागी येऊन बसल्या. “मग रिपोर्ट काय खोटं बोलतोय?” असे त्याने मला सर्वांसमोर विचारले. मी पाय दुखतात म्हणालो, त्यावर त्याने माझ्या पोटऱ्यांकडे बोट दाखवून “या तर पैलवानासारख्या दिसतात” असेही ऐकवले.

रिपोर्ट खोटे बोलत नव्हता, तो दुसऱ्याच अवयवाविषयी बोलत होता. एसजीओटी हे विकर यकृताइतकेच स्नायूंचेही असते. स्नायूंच्या पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरते आणि एसजीपीटीपेक्षा जास्त वाढते. दारूने बिघडलेल्या यकृतातही नेमके असेच प्रमाण दिसते, आणि इथेच माझा घात झाला. त्या वेळी सीपीके आणि जीजीटी या आणखी दोन विकरांच्या तपासण्या कुणी सुचवल्या असत्या तर वाद तिथेच मिटला असता, कारण सीपीके हे प्रामुख्याने स्नायूंचे असते, आणि जीजीटी दारू पिणाऱ्यांमध्ये अनेकदा वाढते पण स्नायूंच्या दुखापतीने वाढत नाही. पैलवानी पोटऱ्यांचे म्हणाल, तर थायरॉइडच्या कमतरतेत काही जणांचे स्नायू खरोखरच जाड दिसतात आणि तरीही दुबळे व आखडलेले असतात. योहान हॉफमान या जर्मन वैद्याने १८९७ मध्ये त्याचे वर्णन केले आणि ते लक्षण आजही त्याच्याच नावाने ओळखले जाते. हे मी भावाला पुढे सांगितले, पण तोपर्यंत त्याला त्यात रस उरलेला नव्हता.

मधल्या काळात कोलेस्टेरॉलसाठी मला स्टॅटिनची गोळी सुरू झाली आणि दुखणे दुपटीने वाढले. थायरॉइड मंदावले की कोलेस्टेरॉल आपोआप चढते, आणि त्याच अवस्थेत स्टॅटिन दिले तर स्नायूंना त्रास होण्याचा धोका अधिक असतो; म्हणून ही गोळी सुरू करण्यापूर्वी टीएसएच पाहावा, हे वैद्यकाच्या पुस्तकांत स्पष्ट लिहिलेले आहे. माझ्या बाबतीत तो कुणी पाहिला नाही. हा आजार स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी पटीने जास्त आढळतो, त्यामुळे पुरुष समोर बसला की तो कुणाला सुचत नाही, असे माझे ठाम मत आहे.

तो सुचला तो दुसऱ्या एका वयस्कर डॉक्टरांना. त्यांनी मला खुर्चीवर गुडघे टेकायला लावले आणि टाचेच्या मागच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल झटक्यात खाली गेले, पण परत मूळ जागी यायला त्याने इतका वेळ घेतला की ते मलाही जाणवले. स्नायू आकुंचन पावल्यावर त्याच्या पेशीतले कॅल्शियम पुन्हा आत ओढून घ्यावे लागते, तेव्हा तो सैल पडतो. हे काम करणारे पंप थायरॉइडच्या संप्रेरकावाचून मंदावतात, असे त्यांनी समजावून सांगितले. दोन दिवसांनी टीएसएच ८६ आणि सीपीके १,९००, म्हणजे दोन्ही मर्यादेच्या कितीतरी वर, असा निकाल आला. त्यांनी स्टॅटिन थांबवले, थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकाची गोळी, २५ मायक्रोग्रॅमपासून सुरू करून टप्प्याटप्प्याने १०० पर्यंत नेले, आणि कोलेस्टेरॉल पुढे आपोआप खाली आले.

आता तुमच्या तीन आठवड्यांविषयी. या गोळीचा प्रभाव रक्तात स्थिरावायलाच सुमारे सहा आठवडे लागतात, म्हणून टीएसएचची फेरतपासणीही त्यानंतरच करतात. माझा सीपीके दोन महिन्यांत उतरला, टीएसएच चौथ्या महिन्यात मर्यादेत आला, आणि कठडा न धरता जिना चढायला मात्र सहा महिने लागले. रक्त आधी सुधारते आणि स्नायू मागाहून सुधारतात, हे आधीच ठाऊक असले तर मधले महिने सुसह्य होतात. गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घेऊन त्यानंतर अर्धा ते एक तास काही खाऊ नका, आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्यात चार तासांचे अंतर ठेवा, नाहीतर औषध नीट शोषले जात नाही.

खरे तर मला तुम्हाला एवढेच सांगायचे होते की, डॉक्टरांकडून सीपीकेची तपासणी लिहून घ्या आणि तो आकडा वाढलेला आला तर घरच्यांसमोर ठेवा. ‘दुखते’ या शब्दाशी वाद घालता येतो, आकड्याशी घालणे अवघड जाते. अर्थात आकडा मर्यादेत आला म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. सीपीके फारसा न वाढताही या आजारात स्नायू दुखतात. हेही मान्य केले पाहिजे की, टीएसएच ८६ आणि १८ यांत फरक आहे आणि तुमच्या दुखण्यात ड जीवनसत्त्वाची कमतरता किंवा दुसरे काही मिसळलेले असू शकते. टीएसएच मर्यादेत येऊन काही महिने झाले तरी दुखणे तसेच राहिले, तर सगळे थायरॉइडवर ढकलू नका. मी डॉक्टर नाही. स्टॅटिन चालू असेल तर माझे वाचून ते परस्पर बंद करू नका, आणि लघवी चहासारखी गडद झाली किंवा छातीत दुखू लागले तर सहा आठवड्यांची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

भावाने आपले शब्द अजून मागे घेतलेले नाहीत. हा आजार बहुतेक वेळा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथीवर केलेल्या हल्ल्यातून होतो आणि तो भावंडांमध्ये आढळण्याची शक्यता अधिक असते, म्हणून मी त्याला दोनदा टीएसएच तपासायला सांगितले. गेले काही महिने त्याच्या उजव्या हाताच्या बोटांना रात्री मुंग्या येतात आणि हात झटकत त्याला उठून बसावे लागते. मनगटातली शीर दबून असे होते, आणि ती दबण्याच्या कारणांत थायरॉइडही येते, हे मी त्याला सांगितले आहे. त्याने तपासणी केलेली नाही. वयाप्रमाणे असे होतेच, असे त्याचे म्हणणे आहे.