पहिलं मसल कार किट जोडताना

मसल कार म्हणजे दमदार इंजिनाची जुनी अमेरिकन गाडी. तिच्या प्लॅस्टिक मॉडेलचं पहिलं किट 1/25 प्रमाणाचं घ्या. हिशेब सोपा पडतो: खऱ्या गाडीवरचा एक इंच म्हणजे मॉडेलवर जवळपास 1 मिलिमीटर. आधी गाडीचं साल पक्कं करा. 1968 च्या डॉज चार्जरला मागे गोल दिवे आहेत, 1969 च्या चार्जरला आडवे लांबट.

सुटे भाग भांड्यांच्या साबणाने धुवा, नाहीतर साच्याचं तेल रंग धरू देत नाही. बॉडीवरच्या साच्याच्या रेषा 600 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, मग प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर. रंगाचे तीन-चार पातळ हात. जाड हाताने दारांच्या फटी बुजतात. इनॅमल रंगावर लॅकर रंग मारू नका, खालचा थर सुरकुततो. दमट हवेत लॅकर पांढुरका पडतो, तेव्हा पावसाळ्यात इंजिनच जोडत बसा.

क्रोमचा चकचकीत मुलामा असलेल्या भागांवर प्लॅस्टिक सिमेंट (प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा गोंद) धरत नाही, जोडाची जागा खरवडून घ्या. काचांना सुपरग्लू नकोच, वाफेने धुरकट होतात. पांढरा फेव्हिकॉल पुरतो.

इंजिन शेव्हरोलेचं नारिंगी, पाँटिॲकचं निळं. व्ही-8 ला, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाला, स्पार्क प्लगच्या आठ वायरी आणि इग्निशन कॉइलची (ठिणगीसाठी वीज देणारी) एक, जाडी 0.3 मिमी. त्याहून जाड वायर पाण्याच्या पाइपासारखी दिसते.