नायकाच्या बाजूला कोण उभं आहे?

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत, की सिनेमा विनोदी असो, प्रेमाचा असो की भुताचा, तुम्ही तो एकाच गोष्टीवरून जोखता. ती गोष्ट कोणती, ते मात्र लिहिलं नाहीत. आणि तुमचं सिनेमाचं शिक्षण काय झालंय? (महाविद्यालयीन विद्यार्थी, अकलूज)

उत्तर : माझं शिक्षण बी. फार्म. कराडला औषधांचं दुकान आहे. रात्री शटर ओढलं की जेवण, आणि जेवणानंतर सिनेमा. शॉट, लेन्स यातलं मला कळत नाही, त्यामुळे त्यावर मी लिहीत नाही.

मी बघतो ते एवढंच, की नायक-नायिकेच्या आजूबाजूला जी माणसं आहेत, त्यांना स्वतःचं आयुष्य दिलंय का? तुझ्याच भागातला 'सैराट' घे. तो २०१६ साली आला तेव्हा सगळीकडे आर्ची, परशा आणि 'झिंगाट' हेच होतं. माझ्या मनात मात्र लंगड्या आणि सल्या राहिले. एरवी नायकाच्या मित्रांना चिठ्ठ्या पोचवण्यापलीकडे काम नसतं. इथे लंगड्यालाही कुणीतरी आवडतं, त्यालाही स्वतःचं दुखणं आहे. पुढे हैदराबादला सुमनअक्का भेटते. छाया कदम यांनी ती केली आहे. डोशाची गाडी चालवणारी ही बाई रस्त्यावर अडचणीत सापडलेल्या दोन अनोळखी पोरांना घरी नेते. तिची स्वतःची मोडलेली गोष्ट ती चार वाक्यांत सांगते आणि कामाला लागते. नागराज मंजुळे यांनी तिला रडायला जास्त वेळ दिला नाही, आणि म्हणूनच ती खरी वाटते. शेवटच्या प्रसंगातल्या आर्ची-परशाच्या लहान मुलाबद्दल वेगळं काही सांगायला नको. आवाज बंद होतो आणि आख्खं थिएटर त्या पोराच्या पावलांकडे बघत राहतं.

प्रश्न : माझी मुलगी म्हणते, 'अशी ही बनवाबनवी' जुनाट आहे, पुरुषांनी साड्या नेसून हसवण्यात काय विशेष? मला तर दरवेळी हसू येतं. कोण बरोबर? (गृहिणी, डोंबिवली)

उत्तर : ताई, नुसत्या साडीवर हसायला लावणारे सिनेमे विस्मरणात गेले, हे मुलीचं म्हणणं मला पटतं. पण तिला एकदा पहिला अर्धा तास नीट बघायला सांगा. तेव्हा साडी अजून आलेलीही नसते. त्या अर्ध्या तासात सुधीर जोशी आहेत.

विश्वास सरपोतदार हा घरमालक. असा माणूस आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. भाडं, वीज, पाणी, कोण किती वाजता आलं, सगळ्याचा हिशोब त्याच्याकडे. औषधासाठी दिलेले सत्तर रुपये परत मागायला तो येतो आणि अशोक सराफ गंभीर चेहऱ्याने सांगतात की ते सत्तर रुपये वारले. त्या क्षणी मी अशोकमामांकडे बघतच नाही, मी सुधीर जोशींचा चेहरा बघतो. आधी त्यांना कळतच नाही, मग कळतं, मग ते मनापासून चिडतात. ते जराही विनोद करत नाहीत. सरपोतदारांच्या दृष्टीने सत्तर रुपये ही खरी रक्कम आहे, आणि तिच्यासाठी हा माणूस खरोखर तळमळतो. आपल्याला हसू येतं ते त्या तळमळीमुळे. १९८८ सालच्या वसंत सबनीसांच्या संवादांना आज इतक्या वर्षांनी तरुण पोरं हसतात, त्यातला मोठा वाटा मी सुधीर जोशींना देईन.

गोष्ट मुळात आपली नाही. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या 'बीवी और मकान' या हिंदी सिनेमावरून ती घेतली आहे. पण सरपोतदार अस्सल पुण्याचे. उसनी गोष्ट आपल्या मातीत रुजवायची तर अशी माणसं घालावी लागतात. दुसऱ्या घरमालकीण, लीलाबाई काळभोर, यांच्याकडेही मुलीला बघू द्या. एकटी म्हातारी बाई, नीट दिसत नाही, आणि घरात कुणीतरी असावं अशी ओढ. घर मिळावं म्हणून दोघांना बायका बनवून या चार पोरांनी तिला फसवलं, याचं शेवटी वाईट वाटतं, आणि वाटायलाच हवं. मुलीला म्हणावं, साड्या विसर, या दोन घरमालकांसाठी बघ.

प्रश्न : नऊ वर्षांचा मुलगा 'तुंबाड' बघायचा हट्ट धरून बसलाय. मित्रांनी बघितला म्हणे. दाखवू का? (वडील, नाशिक)

उत्तर : नको. प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र आहे आणि ते योग्यच आहे. त्यातली साखळदंडात ठेवलेली म्हातारी मोठ्या माणसाच्याही झोपेत येते. २०१८ साली तो फारसा चालला नाही, २०२४ला पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमाई झाली. मी तो त्या वेळी थिएटरात बघितला आणि घरी येताना कुणी बोलत नव्हतं. त्यातल्या हस्तर या शापित देवापेक्षा मला भीती वाटली ती विनायकाच्या लहान मुलाची. बाप हावरा आहे हे सुरुवातीलाच कळतं, पण पोरगा बापाच्या पुढे जाऊ लागतो तेव्हा अंगावर काटा येतो. मुलगा अठराचा झाला की त्याच्या शेजारी बसून बघा.

तोवर १९९३चा 'झपाटलेला' आहेच. रामदास पाध्ये यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू आणि राघवेंद्र कडकोळांचे बाबा चमत्कार. घाबरेल आणि हसेलही.

प्रश्न : शिवकाळावरचे सिनेमे एकामागून एक येतायत. आरडाओरडा, ढोल आणि भगवे झेंडे यांपलीकडे त्यांत काही असतं का? (इतिहास शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : सर, आवाजाबद्दल माझीही तक्रार आहे. 'पावनखिंड'मध्ये कित्येक ठिकाणी पार्श्वसंगीत इतकं चढतं की वाक्यच ऐकू येत नाही. पण तुम्ही शिकवता त्या मुलांना तो मी तरीही दाखवीन, एका माणसासाठी. शिवा काशीद.

पन्हाळ्याच्या पायथ्याच्या नेबापूरचा हा माणूस, जातीने न्हावी. १६६०च्या जुलैमध्ये सिद्दी जौहरचा वेढा असताना महाराजांचा वेश घेऊन पालखीत बसला. पकडले जाणार हे ठाऊक असूनच बसला. बाजीप्रभूंनी खिंड लढवली ती पुढची गोष्ट, पण खिंडीपर्यंत पोचायला जो वेळ मिळाला, त्यात शिवाचा जीव आहे. शाळेत आम्हाला बाजीप्रभूंवर आख्खा धडा होता आणि शिवा काशीद ओळीदोन ओळींत उरकले होते. सिनेमाने त्यांना चेहरा दिला याबद्दल मी त्या दिग्दर्शकाचा ऋणी आहे. पुढच्या वेळी संगीत कमी करा आणि अशा माणसांना जास्त वेळ द्या, एवढंच माझं मागणं.

प्रश्न : सासरे कर्करोगाने गेले. सहा महिने दवाखाना केला. आता घरचे 'श्वास' बघू म्हणतात. मला धीर होत नाही. रडवण्यासाठीच काढलेला सिनेमा आहे का तो? (बँक कर्मचारी, रत्नागिरी)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. घाई करू नका. मन तयार नसेल तर घरच्यांना बघू द्या, तुम्ही नंतर बघा.

पण रडवण्यासाठी काढलेला तो नाही, हे मी खात्रीने सांगतो. २००४ साली आलेला हा संदीप सावंतांचा सिनेमा माधवी घारपुरे यांच्या कथेवर आहे. कोकणातले आजोबा नातवाला शहरातल्या दवाखान्यात आणतात. पोराच्या डोळ्यांत कर्करोग आहे, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. अरुण नलावडे आजोबा झालेत, अश्विन चितळे नातू. आजोबांच्या तोंडी मोठी भाषणं नाहीत. डॉक्टर काय बोलतात ते त्यांना धड कळत नाही, आणि पुन्हा विचारायचा संकोच वाटतो.

हा संकोच मी दुकानाच्या काउंटरवर रोज बघतो. चिठ्ठी पुढे करून माणूस उभा राहतो, औषध घेतो, पैसे देतो आणि तरी हलत नाही. त्याला विचारायचं असतं, 'यानं बरं वाटेल ना?' बऱ्याचदा न विचारताच जातो. 'श्वास'मध्ये हे ज्याने लिहिलं, त्याने दवाखान्याच्या बाकावर बसून माणसं बघितली आहेत.

अमृता सुभाष यांची आसावरी हे पात्र तर मला फार जवळचं. ती दवाखान्यातली समाजसेविका. डॉक्टर घाईत असतात, आजोबा गोंधळलेले, आणि मध्ये ती उभी. दोघांचं म्हणणं एकमेकांना समजावते. तुमच्या सहा महिन्यांत अशी एखादी नर्स, एखादी बाई भेटली असेल तर तुम्ही तिला या सिनेमात लगेच ओळखाल. आणि शस्त्रक्रियेआधी आजोबा पोराला घेऊन बाहेर पडतात, त्याला जग दाखवून आणायला, तो भाग बघताना मला रडू आलं. पण ते हलकं करणारं रडू होतं.

'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी राष्ट्रीय सुवर्णकमळ याच सिनेमामुळे मराठीत आलं. ऑस्करला पाठवायचं ठरलं तेव्हा लोकांनी वर्गणीही काढली होती.

एक गोष्ट औषधवाला म्हणून सांगतो, सगळ्याच वाचकांना. लहान मुलाच्या फोटोत डोळ्याची बाहुली पांढरी चमकताना दिसली, तर वाट बघू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. या आजाराची ती पहिली खूण असू शकते.

प्रश्न : आमचा बारा जणींचा भिशीचा ग्रुप आहे. 'बाईपण भारी देवा' तेव्हा राहून गेला. आता टीव्हीवर एकत्र बघण्यात मजा आहे का? (निवृत्त शिक्षिका, सांगली)

उत्तर : भरपूर आहे, बाई. सहा बहिणी आहेत, त्यामुळे बाजूला उभं राहायला कुणी उरतच नाही. मला वंदना गुप्तेंची बहीण आवडली, माझ्या बायकोला रोहिणी हट्टंगडींची. शेवटची मंगळागौर सुरू होण्याआधी टेबल बाजूला सरकवून ठेवा. जागा लागेल.