बेटांवरची संत्री, अंडी आणि प्रोटीनचे आकडे: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (पुणे, न्यूट्रिशनची विद्यार्थिनी): मालदीवचा माणशी रोजच्या प्रोटीनचा ग्राफ काढला, एफएओची (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची) जुनी आणि नवी दोन्ही आकडेवारी जोडून. मध्येच पायरी दिसते. लोकांचं खाणं खरंच एवढं बदललं का?

आधी ती जोडणी काढून टाका. एफएओची जुन्या पद्धतीची मालिका २०१३ ला संपते, पुढची नव्या पद्धतीची आहे, त्यामुळे जोडावर जी पायरी दिसते ती बरेचदा हिशेबाची असते, ताटातली नाही. दुसरं म्हणजे हा 'पुरवठ्याचा' आकडा आहे. देशातलं उत्पादन अधिक आयात वजा निर्यात, साठ्यातला फरक धरायचा, त्यातून पशुखाद्य, बियाणं, नासाडी काढायची आणि उरलेल्याला लोकसंख्येने भागायचं. कुणाच्या घरी जाऊन कुणी ताट मोजलेलं नाहीये.

मोठ्या देशात हे खपून जातं, छोट्या बेटावर मात्र गंमत होते. हेच बघा ना, भारत मालदीवला दरवर्षी कोटा ठरवून माल देतो, १९८१ च्या करारापासून चालू आहे हे. २०२४-२५ साठी अंड्यांचा कोटा होता साधारण ४२ कोटी ७५ लाख. मालदीवची लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेत ५ लाख १५ हजार, म्हणजे भागाकार केला तर माणशी ८३० अंडी वर्षाला, रोजची दोनच्या वर, तान्ह्या बाळासकट! आता तुम्ही म्हणाल टुरिस्ट खातात. खातातच, २०२४ मध्ये २० लाखांवर टुरिस्ट आले, पण ते सरासरी आठवडाभर राहतात, म्हणजे वर्षावर पसरवले तर रोजची चाळीसेक हजार जास्तीची माणसं झाली. त्यांनी रोज तीन-तीन अंडी खाल्ली तरी साडेचार कोटीच्या आत संपतं. मग बाकीची? अहो, कोटा ही वरची मर्यादा आहे, तेवढी अंडी उतरलीच असा त्याचा अर्थ नाही. म्हणून कोटा बघून लेख लिहिणाऱ्यांपासून सावध राहा, कस्टम्सचा प्रत्यक्ष आयातीचा आकडा शोधा आणि टुरिस्टांचं खाणं वेगळं काढलंय का ते तपासा. नव्या पद्धतीत त्यासाठी वेगळा रकाना आहे, जुन्यात नव्हता.

प्रश्न (काटोल, संत्रा बागायतदार): मालदीवसारख्या बेटांवर हवा गरम, पाऊस भरपूर, मग संत्री-मोसंबी बाहेरून का आणतात? आणि आपला माल तिकडे जाईल का?

सगळी बेटं एकसारखी नाहीत हो. मालदीव किंवा पॅसिफिकमधली किरिबाटी, तुवालु म्हणजे पोवळ्यांच्या वाळूवरचा मातीचा पातळ थर, खाली थोडं गोडं पाणी तरंगतंय, तिथे अंगणात चार लिंबाची झाडं लागतात पण बाग उभी राहत नाही. डोंगराळ बेटांची गोष्ट वेगळी. कॅरिबियनमधलं डॉमिनिका एकेकाळी लाइमसाठी जगात पुढे होतं, बाटलीतल्या लाइम ज्यूसवाल्या 'रोज' (Rose's) कंपनीचे मळे तिथे होते. १९२० च्या दशकात शेंडे वाळवणारा बुरशीचा रोग आला, बागा गेल्या, पुढे लोक केळीकडे वळले. १९७९ मध्ये डेव्हिड वादळ, २०१७ मध्ये मारिया, आणि मधे २०१२ ला ग्रीनिंग सापडलं. जमैकात ते २००९ लाच आलं होतं. ग्रीनिंग म्हणजे काय हे तुम्हाला मी काय सांगणार, सिट्रस सिला ही कीड पसरवते तोच रोग, झाड आतून संपवणारा. छोट्या बेटाला पळायला जागा नसते, आपल्याकडे एक तालुका गेला तर दुसरा असतो, तिथे सगळा देशच तालुक्याएवढा.

तुमच्या मालाचं म्हणाल तर खरं सांगतो, मला फार आशा वाटत नाही. नागपुरी संत्र्याची साल सैल, बोटीच्या लांब प्रवासात टिकत नाही. बांगलादेश जवळ म्हणून चाललं, तिथे आयात शुल्क वाढल्यावर निर्यात कशी घसरली ते तुम्ही बघितलंयच. आणि एक लक्षात ठेवा, 'संत्र्याचा पुरवठा वाढला' असं टेबलात दिसलं तर त्यात ज्यूससुद्धा फळात रूपांतर करून धरलेला असतो. फळाची एक पेटी न उतरता आकडा वाढू शकतो.

प्रश्न (मॉरिशसहून): आमच्याकडे चिकन-अंड्यात देश स्वयंपूर्ण आहे असं सांगतात. मग काळजी कशाची?

कोंबडी तुमची, पण तिचा मका आणि सोयाबीन बोटीतून येतो. प्रोटीन स्थानिक दिसतं, त्याचं मूळ बंदरावर आहे. डाळही बाहेरचीच. ऊस जमीन धरून बसला तो बसलाच.

प्रश्न (ठाणे): पॅसिफिक बेटांवर मांस भरपूर, प्रोटीनचा आकडाही बरा, तरी आजार का वाढले?

कारण प्रोटीनच्या रकान्यात कुठलं मांस ते लिहीत नाहीत. श्रीमंत देशांत कुणी न खाणारे तुकडे तिकडे स्वस्तात जातात, टर्कीची शेपटी, मेंढीच्या पोटाकडचं चरबीचं मटण. फिजीने २००० मध्ये ते मटण बंद केलं, सामोआने २००७ मध्ये टर्कीच्या शेपट्या. पण २०१२ मध्ये डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) शिरताना सामोआला बंदी उठवायचं कबूल करावं लागलं. अशा वेळी प्रोटीनसोबत फॅटचा रकाना बघायचा, बऱ्याचदा खरी गोष्ट तिथे असते.

प्रश्न (मडगाव): फिजीला जातोय. लिंबात मुरवलेला कच्चा मासा खाऊ का?

कोकोंडा म्हणतात त्याला, वरून नारळाचं दूध, मस्त लागतो, बरेचदा आपल्या सुरमईचाच असतो. फक्त लिंबाने मासा पांढरा होतो म्हणजे शिजला असं नाही, जंतू मरतीलच याची गॅरंटी नाही. आणि खडकाजवळच्या काही माशांत सिग्वाटेरा नावाची विषबाधा करणारं विष असतं, ते लिंबाने जात नाही, शिजवूनही नाही. ताजा मासा, चांगली जागा बघा, सध्या कुठला मासा खात नाहीत ते तिथल्या कोळ्यांना विचारा, आणि मोठी बाराकुडा, म्हणजे हे विष अंगात साठलेलं असू शकणारा शिकारी मासा, कुणी फुकट दिली तरी नको म्हणा.