भावाला घरातून सोडवायचंय, पण पळवून नको

पत्र थोडक्यात: "मी 24 वर्षांची, चाकणला एका कंपनीत नोकरी करते, पीजीत राहते. आई चार वर्षांपूर्वी गेली. भाऊ 12 वर्षांचा, सातवीत, सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी वडिलांजवळ. दारू प्यायली की वडील त्याला पट्ट्याने मारतात. मलाही मारायचे, मी शिक्षणाच्या निमित्ताने सुटले. परवा व्हिडिओ कॉलवर तो डाव्या हाताने जेवत होता. म्हणाला, सायकलवरून पडलो. शेजारच्या काकूंनी वेगळंच सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत त्याला आणावं आणि परत पाठवूच नये, असं मनात आहे. आत्या म्हणते, घरची लक्तरं वेशीवर टांगू नकोस. मला त्याचं पालकत्व मिळेल का? – एक बहीण"

पोरी, मी त्या डाव्या हातापाशीच अडकले. पालकत्वाचं नंतर बोलू. आधी आजच्या आज 1098 ला फोन कर. मुलांसाठीची ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. फोन चाकणहून केलास तरी चालेल, भावाचा पत्ता गावचा दे. मारहाण चालू असल्याचं कळलं तर थेट 112. हात दाखवायला त्याला सरकारी दवाखान्यात नेलं जाईल असं बघ, आणि तिथला केसपेपर हरवू देऊ नकोस.

दिवाळीचा बेत मात्र सोड. आईच्या माघारी कायद्याने वडीलच त्याचे नैसर्गिक पालक आहेत. "पोरगी पोराला घेऊन पळाली" अशी तक्रार त्यांनी केली, तर उत्तरं तुला द्यावी लागतील आणि ते बिचारे बाप ठरतील. मुलगा पुन्हा त्याच घरात गेला तर काय होईल, ते तुला मी सांगायला नको.

तुझं काम सोलापूरच्या बालकल्याण समितीकडे आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याखाली अशी समिती जिल्ह्याजिल्ह्यांत असते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक महिला. पोलीस, हेल्पलाइनची माणसं, शिक्षक, तुझ्यासारखी नातेवाईक, कुणीही मुलाला तिथे नेऊ शकतं. मूल स्वतःही जाऊ शकतं. समिती चौकशी करते, मुलाचं ऐकते आणि 'योग्य व्यक्ती' म्हणून त्याला तुझ्या हवाली करू शकते. सविस्तर अर्ज लिही. कधी, काय घडलं, कुणी पाहिलं, काकूंनी नेमकं काय सांगितलं. वर्गशिक्षकांशी बोल. अंगावरचे वळ शाळेत कुणाच्याच नजरेला पडले नाहीत, यावर माझा विश्वास नाही.

आता न आवडणारी गोष्ट. चौकशी संपेपर्यंत समिती त्याला काही काळ बालगृहात ठेवू शकते. हे भावाला आधीच तुझ्या तोंडून कळू दे. नाहीतर त्याला वाटेल, ताईनेच मला इथे टाकलं. "पुढच्या आठवड्यात नेते" असला शब्दही देऊ नकोस. आणि पुरावा गोळा करायचं काम त्याच्यावर टाकू नकोस. वडिलांचा चोरून व्हिडिओ काढताना सापडला तर मार त्यालाच बसणार आहे.

तुझ्या घराचीही पाहणी होईल आणि पीजीत बारा वर्षांचा मुलगा राहू शकत नाही. एखादी खोली बघ, मैत्रिणीबरोबर भागीत घेतलीस तरी चालेल. तुझी शिफ्ट असताना त्याच्याजवळ कोण असेल, याचं उत्तर तयार ठेव, कारण पहिला प्रश्न तोच येईल. शाळेची चिंता त्या मानाने कमी. दाखला यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश शाळेला अडवता येत नाही. पैशांसाठी बालसंगोपन योजनेबद्दल समितीतच विचार, पात्र ठरलात तर दरमहा 2250 रुपये मिळतात. तेवढ्यात पोराचं भागणार नाही, पण खोलीभाड्याला हातभार लागेल.

आता तुझा मूळ प्रश्न. हो, बहिणीला पालक नेमता येतं. 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली अर्ज करायचा, तोही भाऊ जिथे राहतो त्या भागातल्या न्यायालयात. वडील हयात असल्यामुळे ते पालक म्हणून अपात्र आहेत हे तिथे दाखवावं लागेल. समितीचा आदेश, केसपेपर आणि शिक्षकांचा जबाब तेव्हा कामी येतील. मुलाचं हित सर्वांत वरचं मानलं जातं आणि बारा वर्षांच्या मुलाचं म्हणणंही विचारात घेतलं जातं. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नकोस. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

"मी सुटले" हे तू एखादा गुन्हा कबूल करावा तसं लिहिलंयस. तूही तेव्हा मार खाणारं पोरच होतीस. आज नोकरी हातात आहे म्हणून भावाला आणायचा विचार तरी करता येतोय. मात्र हे सगळं चालू असताना तुलाही कुणी तरी हवंच. एका मैत्रिणीला सगळं सांग आणि सोलापूरच्या पहिल्या तारखेला तिला बरोबर ने.

आत्यांशी वाद घालू नकोस. पुन्हा वेशीचं काढलं, तर समितीपुढे पोराच्या बाजूने दोन शब्द बोलायला याल का, एवढंच विचार. येतील की नाही कुणास ठाऊक, पण त्यांचे फोन नक्की कमी होतील.