वाचकांचे प्रश्न : हॅम रेडिओचा ४० मीटर बँडचा व्हर्टिकल (उभा अँटेना) ८० आणि १६० मीटर बँडवर कसा आणायचा?

प्रश्न : माझ्याकडे साधारण १० मीटर उंच अ‍ॅल्युमिनियमचा व्हर्टिकल आहे, जमिनीवर चार रेडियल (बुडापासून चौफेर पसरलेल्या तारा) टाकलेत, ४० मीटर बँडवर छान चालतो. आता ८० वर यायचंय, जमलं तर १६० पण. उंची वाढवणं शक्य नाही. ट्यूनर (मॅचिंगचा डबा) लावून ८० वर एसडब्ल्यूआर (मॅच किती जुळला ते सांगणारा आकडा, १ म्हणजे उत्तम) १.३ दिसतो पण हाक मारली तर कुणी उत्तरच देत नाही. खाली कॉइल लावली तर काम होईल का?

उत्तर : कॉइलने अँटेना रेझोनन्सला येईल (त्या बँडवर सुरात येईल), त्यात काही अडचण नाही. ८० साठी तुमच्या उंचीला बुडाशी १६-१७ मायक्रोहेन्रीच्या आसपास लागेल, पाइप किती जाड आहे त्यावर थोडंफार कमी-जास्त. पण तुमची पॉवर खातेय ती जमीन, आणि ते कॉइल लावून सुटणार नाही.

ट्यूनरचा १.३ आधी बाजूला ठेवा. तो आकडा एवढंच सांगतो की रिगला (रेडिओ सेटला) हवे ते ५० ओहम दिसतायत, पुढे कोएक्समध्ये (अँटेनापर्यंतच्या केबलमध्ये) आणि मातीत काय जळतंय ते त्याला कळतच नाही. आता हिशोब बघा, १० मीटर म्हणजे ४० वर पाव वेव्हलेंग्थ, तिथे रेडिएशन रेझिस्टन्स (ज्यात गेलेली पॉवर लहरी होऊन बाहेर पडते तो रेझिस्टन्स) ३६ ओहमच्या जवळ असतो, तोच पाइप ८० वर एक अष्टमांश होतो आणि हा आकडा ६ ओहमवर येतो. चार रेडियलवर जमिनीचा लॉस १५ ओहम सहज असू शकतो. करंट दोन्हीतून तोच वाहतो, म्हणजे ४० वर १५ ओहम चालून जातात पण ८० वर तीन चतुर्थांश पॉवर माती आणि कॉइल मिळून गरम करते.

म्हणून पहिला खर्च रेडियलवर करा, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. चारचे सोळा करा, जमलं तर बत्तीस. जमिनीवर पडलेल्या तारेला जमीनच डीट्यून करते त्यामुळे मोजूनमापून कापायची गरज नाही, उरलीसुरली इन्सुलेटेड वायर पण चालते, गवतावर पसरून तारेच्या आकड्यांनी दाबून टाकायची. एकूण वायर तेवढीच असेल तर २० मीटरच्या आठ तारांपेक्षा १० मीटरच्या सोळा टाकलेल्या बऱ्या, कारण अशा बुटक्या अँटेनाला सगळ्यात जास्त करंट बुडाजवळच असतो. ब्राउन, लुईस आणि एपस्टाइन या इंजिनिअर मंडळींनी १९३७ मध्ये हेच मोजून दाखवलं होतं आणि ब्रॉडकास्ट स्टेशनं त्यानंतर १२० रेडियल टाकायला लागली. तुम्हाला तेवढे नकोत.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा कारण इथे बरेच जण घाबरून मागे फिरतात. अ‍ॅनालायझर (अँटेनाचा रेझिस्टन्स मोजणारं यंत्र) अँटेनाच्या बुडाशीच लावा, शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) नाही, आणि रेझोनन्सला रेझिस्टन्स वाचा. समजा २४ ओहम आले, त्यात अँटेनाचे ६, चांगल्या कॉइलचे २, उरलेले १६ जमिनीचे. रेडियल टाकत गेलात आणि आकडा १५ वर आला तर एसडब्ल्यूआर २ वरून ३ च्या वर जाईल, बँडविड्थ पण अरुंद होईल. अँटेना बिघडला असं समजू नका, तो सुधारलाय! मग मॅचिंग करायचं : फीडपॉइंटपासून (कोएक्स अँटेनाला जोडते तिथून) रेडियलच्या जोडापर्यंत दीड मायक्रोहेन्रीची छोटी कॉइल टाकायची आणि मोठ्या कॉइलचा एखादा वेढा कमी करून दोन्ही अ‍ॅडजस्ट करत जायचं. यात अँटेनावर साठणारा स्टॅटिक पण जमिनीत उतरतो. वादळात मात्र कोएक्स काढूनच ठेवायची.

बाजूला एखादं झाड किंवा खांब असेल तर बुडाच्या कॉइलपेक्षा बरा उपाय म्हणजे इन्व्हर्टेड एल, वरच्या टोकापासून साधारण १० मीटर वायर आडवी ओढायची. करंट पाइपमध्ये वरपर्यंत टिकतो, रेडिएशन रेझिस्टन्स तिपटीच्या आसपास जातो आणि मोठी कॉइल लागतच नाही. फक्त ४० चालू ठेवायचा असेल तर वायर आणि पाइपच्या मध्ये ७ मेगाहर्ट्झचा ट्रॅप (४० वर पुढची वायर तोडणारं कॉइल-कपॅसिटर सर्किट) हवा (ट्रॅप ८० वर थोडं लोडिंग करतो, मग वायर जरा कमी करावी लागते). वायर वीजवाहिनीच्या आसपास अजिबात नको.

१६० बद्दल स्पष्टच सांगतो. नुसत्या पाइपचा रेडिएशन रेझिस्टन्स तिथे दीड ओहम, कॉइल जवळजवळ ७८ मायक्रोहेन्री, आणि तिचाच लॉस ४-५ ओहम. १०० वॉटवर कॉइलच्या वरच्या टोकाला २००० व्होल्टच्या घरात व्होल्टेज येतं, हात लागला तर आरएफचा चटका बसतो, त्यामुळे कॉइल बंद डब्यात आणि लहान मुलांपासून लांब. तरीही सीडब्ल्यू (मोर्स) आणि एफटी८ (कमकुवत सिग्नलवर चालणारा डिजिटल मोड) वर क्यूएसओ (संपर्क) होतात. तिथे आडवी वायर ३० मीटरच्या आसपास नेता आली तरच मन लावून करण्यासारखं आहे.

प्रश्न : ८० वर व्हर्टिकलने ऐकताना नॉइज एस-९ (सिग्नल मीटरवरचा जोरदार आकडा) पर्यंत येतो, काय करू?

उत्तर : फीडपॉइंटला ३१ मिक्सच्या (फेराइटचा एक प्रकार) फेराइट रिंगवर कोएक्सचे दहा-बारा वेढे घेऊन चोक करा, घरातला नॉइज कोएक्सच्या बाहेरून चढत असेल तर तो कमी होतो. तरी राहिलाच तर ट्रान्समिट व्हर्टिकलवर आणि रिसीव्हला वेगळा छोटा लूप, घरापासून जमेल तितका दूर, नॉइज कमी होईपर्यंत फिरवून बघायचा.