सम्राज्ञी पुढे, देवी मागे

प्रश्न : सोलापुरातील एका नाणे-प्रदर्शनात रोमन सुवर्णनाण्याचे छायाचित्र पाहिले. एका बाजूस अंबाडा घातलेल्या स्त्रीचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूस मशाल घेऊन उभी असलेली स्त्री होती. फलकावर केवळ ‘फाउस्टिना’ असे लिहिले होते. दोन्ही बाजूंना तीच आहे काय? आणि अशी नाणी आपल्या भागात येत असत काय?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही, चेहरा सम्राज्ञीचा आहे आणि मशाल धरणारी बहुधा धान्याची देवी सेरेस आहे, पळवून नेलेल्या मुलीला शोधताना तिने मशाली पेटवल्याची कथा रोमनांना तोंडपाठ होती. फाउस्टिना मात्र दोन होऊन गेल्या, आई आणि मुलगी, आणि फलक लिहिणाऱ्याने ते सांगायला हवे होते. थोरलीचा वेण्यांचा अंबाडा माथ्यावर असतो, तर धाकटीचा मानेकडे. नावाआधी ‘दिवा’ (लॅटिनमध्ये ‘देवत्व पावलेली’) असा लेख असेल तर नाणे मृत्यूनंतरचे, पण हा लेख दोघींच्याही नाण्यांवर आढळतो, म्हणून अंबाडाही पाहावा. सम्राट अंतोनिनस पायस याची पत्नी थोरली फाउस्टिना इ.स. १४० च्या सुमारास वारली, सिनेटने तिला देवत्व दिले आणि त्यानंतर पतीच्या कारकिर्दीत, म्हणजे १६१ पर्यंत, तिच्या नावाची नाणी रोमच्या टाकसाळीत पडत राहिली. धाकटी पुढचा सम्राट मार्कस ऑरेलियस याची पत्नी. तिला डझनभर तरी मुले झाली, त्यामुळे तिच्या नाण्यांवर सुफलतेची देवता फेकुंदितास मुलांसह दिसते.

मागील देवी ओळखायची ती हातातील वस्तूंवरून: सफरचंद असेल तर प्रेमदेवता व्हीनस, कणसे असतील तर सेरेस. मोर पाहून आपल्याला सरस्वती आठवेल, पण तिथे तो देवांची राणी जूनो हिचा पक्षी आहे, आणि दिवंगत सम्राज्ञीला स्वर्गात नेणाराही तोच.

आपल्या भागाचे म्हणाल तर, शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजेच प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणबरोबर त्याचे नाव येते आणि तिथला माल भडोच बंदराकडे जात असल्याचेही लिहिलेले आहे. भारतात सापडलेल्या कित्येक रोमन सुवर्णनाण्यांना, तसेच त्यांच्या इथे घडवलेल्या नकलांना, चेहऱ्याच्या वर एक-दोन भोके पाडलेली असतात; म्हणजे ती गळ्यात घातली जात. एरवी सव्वासात ग्रॅमच्या आसपास भरणारे त्या काळचे नाणे असे भोक पडल्यावर किंचित हलके भरते, हे वजन पडताळताना लक्षात घ्यावे.