दमा आणि बालमृत्यू: औषधं आहेतच, मग संशोधन कशाचं करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी सरांनी दमा-नियंत्रण आणि बालमृत्यू असे दोन विषय सुचवलेत. दोन्हींवरचे उपचार जगाला ठाऊक आहेत, मग नवीन शोधायचं काय, आणि दोन्हींपैकी घ्यायचा कुठला? मी याच क्षेत्रात आहे. निम्मा वेळ गावांत, निम्मा एक्सेलमध्ये जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

औषध कपाटात असतं आणि मूल तरीही जातं. मधे नेमकं काय अडलं, ते शोधणं हे आपलं काम. आपल्याकडचं सगळ्यात चांगलं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था 1986ची. त्यांनी न्यूमोनियावर काम सुरू केलं तेव्हा को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक लागू पडतं का, हा प्रश्नच नव्हता. प्रश्न असा होता, की डॉक्टर मैलोगणती लांब असताना गावातली निरक्षर दाई न्यूमोनिया ओळखू शकेल का? दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास म्हणजे धोका. दोन महिने ते एक वर्ष या वयात 50. पण जिला साठपर्यंत मोजता येत नाही, तिने करायचं काय? त्यासाठी मण्यांचं एक साधं यंत्र केलं. वाळूचं एका मिनिटाचं घड्याळ उलटं करायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. तान्ह्या बाळासाठी सहावा मणी लाल, मोठ्यासाठी पाचवा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, की औषध सुरू. 1990 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू उपचाराच्या गावांत 8.1, तुलनेच्या गावांत 17.5. गोळी तीच होती, फक्त ती कुणाच्या हातात द्यायची हे बदललं.

पुढे त्यांनी नवजात बाळांकडे मोर्चा वळवला. 39 गावांत प्रशिक्षित बायका घरी जाऊन बाळाला ऊब, स्तनपान, वजन हे सगळं बघायच्या आणि जंतुसंसर्ग दिसला तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही द्यायच्या. यावर बरीच ओरड झाली. खेडवळ बाईच्या हाती सुई म्हणजे काय! पण तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर तुलनेच्या 47 गावांपेक्षा 62 टक्क्यांनी खाली आला होता. आज आशाताई बाळंतपणानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात (बाळंतपण घरीच झालं तर पहिल्या दिवशीही), त्या राष्ट्रीय कार्यक्रमाचं मूळ हे. तो 2011मध्ये सुरू झाला, म्हणजे या प्रयोगाचा शोधनिबंध 1999मध्ये छापून आल्यावर बारा वर्षांनी. एवढा उशीर का होतो, हासुद्धा प्रबंधाचा विषय आहे, पण तो तुमच्या सरांना झेपेल असं वाटत नाही.

आता दमा. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण 13 टक्के भारतात आहेत, दम्याच्या मृत्यूंपैकी मात्र 42 टक्क्यांहून जास्त. हवा, धूळ, चुलीचा धूर ही कारणं आहेतच. पण मृत्यूंचा वाटा इतका फुगतो तो मुख्यतः श्वासातून, म्हणजे पंपाने, घ्यायचं स्टेरॉइड रोज घेतलं जात नाही म्हणून. 'पंपाची सवय लागते', 'पंप म्हणजे शेवटचा उपाय', 'मुलीचं लग्न जमायचंय, पंप दाखवू नका' हे मी विदर्भातही ऐकलंय आणि पुण्यातल्या सोसायट्यांतही. गंमत बघा, श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉलची 4 मिलिग्रॅमची गोळी लोकांना सौम्य वाटते आणि पंप जालीम. त्याच औषधाच्या पंपाच्या एका फवाऱ्यात असतात 100 मायक्रोग्रॅम. म्हणजे गोळीत चाळीसपट औषध!

फील्डवर 'औषध घेता का?' असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. 'जरा घेऊन दाखवता का?' म्हणा. एका आजोबांनी पंप न हलवता तोंडापासून वीतभर लांब धरला, फवारा जिभेवर मारला आणि वर पाणी प्यायले. त्यांच्या कागदावर 'नियमित उपचार' असा शिक्का होता. फिनलंडने 1994 ते 2004 या दहा वर्षांत नेमकं हेच हाती घेतलं. परिचारिका, औषध दुकानदार, गावचे डॉक्टर सगळ्यांना शिकवलं, आणि दम्यासाठी रुग्णालयात राहण्याचे दिवस निम्म्याहून खाली आले.

दोन्ही विषय एकमेकांना कुठे भिडतात, हेही बघा. एक वर्षाखालच्या बाळाला दमा आहे असं ठामपणे म्हणता येत नाही, पण छातीत घरघर असली तरी श्वास वेगाने चालतो आणि मोजणीत ते न्यूमोनियाच्या खात्यात जातं. म्हणून पंप देऊन पुन्हा मोजायचं असतं. कितीतरी ठिकाणी न मोजताच अँटिबायोटिक देऊन मोकळे होतात. शिवाय गरोदरपणी आईचा दमा आटोक्यात नसेल तर अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं बाळ होण्याचा धोका वाढतो, आणि नवजात मृत्यूंमध्ये अशीच बाळं जास्त असतात. धुराबद्दल मात्र जपून लिहा. भारतासह (आपल्याकडे तमिळनाडूत) चार देशांत गरोदर बायकांना स्वयंपाकाचा गॅस पुरवून झालेल्या 'हॅपिन' चाचणीत धूर घटला, पण बाळांचं वजन किंवा गंभीर न्यूमोनिया यात ठळक फरक दिसला नाही. आमच्यापैकी अनेकांना तो निकाल पचायला जड गेला.

मग घ्यायचं काय? माझं मत: दमा घ्या. कारण हिशोबाचं आहे. 2020च्या नमुना नोंदणीनुसार (सरकारच्या जन्म-मृत्यूंच्या नमुना पाहणीनुसार) महाराष्ट्राचा बालमृत्युदर, म्हणजे एक वर्षाखालच्या बाळांचे मृत्यू, हजार जिवंत जन्मांमागे 16. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राखाली 30,000 वस्ती धरली, तर वर्षाला साडेचारशेच्या आसपास जन्म आणि सात मृत्यू. पुढच्या वर्षी ते चार झाले तर पेपरात 'बालमृत्यू निम्म्यावर' असं छापून येईल, पण ती निव्वळ योगायोगाची हालचाल असू शकते. सहा महिन्यांच्या प्रबंधात त्यावरून काहीही सिद्ध होणार नाही. त्यात पहिल्या-दुसऱ्या दिवशी गेलेलं बाळ कित्येकदा कुठल्याच वहीत चढत नाही. त्याच्या आईशी तासभर शांतपणे बोलून मृत्यूचं कारण लावणं, म्हणजे व्हर्बल ऑटोप्सी, हे पहिल्याच प्रबंधात नवख्या मुलीने करू नये असं मला वाटतं.

बालमृत्यूच हवा असेल तर मृत्यू मोजू नका, गृहभेटी मोजा: तिसऱ्या दिवशी आशाताई खरंच आली का, बाळ उघडून बघितलं का, वजनकाटा चालू होता का.

दम्यात शंभर रुग्ण पुरतात. नियंत्रणाची पाच प्रश्नांची चाचणी (25 पैकी 19 किंवा कमी गुण म्हणजे दमा आटोक्यात नाही), पंप घेऊन दाखवणं, मग दहा मिनिटं शिकवणं, आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच. चाचणीचं मराठी रूप वापरण्याची परवानगी आधी मागा आणि इथिक्स कमिटीचा (संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीचा) अर्ज याच महिन्यात टाका. दिवाळीच्या सुट्टीत कमिटी बसत नाही.